खाली, आई

पटलं नाही तरी चालेल. पण हे रचलेलं नाही. विहीर आजही तिथेच आहे, वडनेरला, आमच्या शेतात. कधी आलात तर दाखवीन.

आमच्याकडच्या कुठल्याही दोराला मात्र हात लावू नका.

वाचताना मध्येच अशी उभी रेघ दिसेल...

।

ती छपाईची चूक नाही. तो दोराचा एक हिसका आहे. जेवढे आले, तेवढेच लिहिलेत.

धीरज माझा मोठा भाऊ. पोहायला याच विहिरीत शिकला. समुद्र पाहिला तो थेट नौदलात भरती झाल्यावर. पुढे ट्रेनिंग घेऊन पाणबुड्या झाला.

सुट्टीवर आला की कमरेला दोर बांधून विहिरीत बुडी मारायचा. वरचं टोक आईच्या हातात. पाण्याखाली बोलता येत नाही, बोलायचं ते दोराने.

वरून एक हिसका : बरा आहेस?

खालून एक : बरा आहे.

खालून चार : मला वर ओढ.

"फोनपेक्षा हे बरं," आई म्हणायची. "फोनवर त खोटं बोलते हा. जेवलो म्हणते."

दोन वर्षांपूर्वी तो समुद्रात बुडी मारायला उतरला. हवामान एकाएकी बिघडलं. दोर वर आला. धीरज आला नाही. खूप शोधलं. घरी त्याची टोपी आली, गणवेश आला.

सोबत त्याचा एक साथीदार होता, उत्तरेकडचा. आईने त्याला तिच्या हिंदीत विचारलं, "रस्सी पे कौन था?"

"मैं था, माँ."

"कितने आये?"

"चार."

"खींचा?"

तो मान खाली घालून म्हणाला, "खींचा, माँ. रस्सी... खाली आई."

रिकामी आली, असं तो म्हणत होता. मी आईला समजावलं.

"मले हिंदी येते," आई म्हणाली. "पण तू आयकलं ना? त्यानं सांगतलं कुठी हाय ते. खाली, आई."

त्या दिवसापासून ती धीरजच्या फोटोला हार घालू देत नाही.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षीचा चार डिसेंबर. नौदल दिन.

शाळेत कार्यक्रम होता. आईला मानाने बोलावलं होतं. मीही जाणार होतो, पण हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं आणि विहिरीतली मोटर गाळात अडकली. म्हणून मोटर दुरुस्त करणाऱ्या मुकेशला बोलावलं.

भर दुपार. स्वच्छ ऊन. भीती वाटावी असं काहीच नव्हतं.

मुकेशने कमरेला दोर बांधला. दोर चाकावरून माझ्या हातात. मी त्याला हिसक्यांची भाषा सांगितली.

"मी काई नेवीत नाई, भाऊ," तो हसला. "चार हिसके आले त समजा, चहा पायजे."

तो पायऱ्यांनी आत उतरला. कठड्याआड दिसेनासा झाला.

थोड्या वेळाने मी एक हिसका दिला.

।

उत्तर आलं. एकच.

तेवढ्यात शाळेच्या भोंग्यावरून सरांचा आवाज आला. शहीद धीरजसाठी दोन मिनिटं स्तब्धता.

मी तिथेच उभा राहिलो. दोर हातात. डोळे मिटलेले.

भोंगा थांबला.

झाडावर होले घुमत होते... तेही थांबले.

वारा होता... तो नव्हता.

आणि मग...

।

।

।

।

मी ओढायला लागलो. मुकेश बुडतोय, एवढंच डोक्यात होतं.

जड. फार जड. तळहात सोलून निघाले. ओला दोर पायाशी साचत गेला... ढीग झाला... अजून येतच होता. टोकाला धरून असलेला जीव मला हातात कळत होता. तो हात बदलत होता. एकावर एक, एकावर एक... वर येत होता.

"भाऊ, कोणाले वढून राह्यले?"

आवाज मागून आला.

मागे मुकेश उभा होता. केस कोरडे. हातात तंबाखूचा खर्रा.

"मी त पाण्यात उतरलोच नाई. खर्रा गाडीवर राह्यला, म्हून दोर पायरीच्या दगडाले बांधून पलीकडून वर आलो."

"मंग हिसका कोणं देल्ला?"

त्याने माझ्या पायाशी पडलेल्या दोराकडे पाहिलं. मग विहिरीकडे.

माझ्या हातातून दोर सुटला.

ढीगच्या ढीग सरसरत आत गेला. मी आवाजाची वाट पाहत राहिलो. एवढं जड काही पाण्यात पडलं, तर आवाज व्हायला हवा.

झाला नाही.

मुकेश अवजारं तिथेच टाकून गेला. अजून न्यायला आलेला नाही. माझा फोनही उचलत नाही.

संध्याकाळी आई शाळेतून आली. शाल, नारळ खाटेवर ठेवला. माझे तळहात पाहिले. मी काही सांगितलं नव्हतं.

"किती आले?"

"...चार."

"मंग?"

मी तळहात मिटून घेतले.

"सोडला तू," ती म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्याच दिवशी मी विहिरीवर लोखंडी जाळी टाकली. त्याआधी दोर काढायला आत उतरलो, तर पायरीच्या दगडाला नुसती गाठ होती. करकचून बांधलेली. पुढे दोर नव्हता. हरभरा वाळला, वाळू दिला. आई विहिरीकडे जाते म्हणून तिला शेतातच न्यायचं बंद केलं. वाटलं, संपलं.

आमच्या अंगणात कपडे वाळवायची दोरी आहे. एक टोक कडुनिंबाला. दुसरं बोअरच्या पाइपला.

तो पाइप कुठवर खाली जातो, हा विचार आजवर कधी माझ्या मनात आलाच नव्हता.

आज सकाळी आईने दोरीवरचे कपडे काढले. सगळे. ओलेच. तेव्हापासून दोरी मुठीत धरून उभी आहे. जेवली नाही. मी हात सोडवायला गेलो, तर शांतपणे म्हणाली,

"तूही धर. माह्या एकटीच्यानं होनार नाई. आता फक्त सोडू नको, बावा."

मी दोरी धरली आहे. एका हाताने हे लिहितोय. वारा नाही. झाडाचं पानही हलत नाही.

।

।

।

आई माझ्याकडे पाहते आहे.

तीन झालेत.