नागूच्या शालूची जर

शहापूरच्या विणकर गल्लीत कृष्णातचा हात धरणारा कुणी नव्हता. पण मागावर पोट भरेना, म्हणून चौऱ्याऐंशी साली तो कॅम्पातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मेकॅनिक म्हणून लागला. तिथं पिंपाएवढे कपॅसिटर तासभर वीज साठवत, आणि देसूरकर सरांनी बटण दाबलं की ती सगळी वीज केसाएवढ्या तारेतून एका दमात जायची. तारेची थेट वाफ व्हायची, आणि ती वाफ विजेच्या जोरानं आतल्या आत आवळली जायची.

"सूर्याच्या पोटात असंच असतं," सर सांगायचे. "हे साधलं तर पाण्यापासून वीज करता येईल बघ."

पुढं परदेशी तार येईनाशी झाली. सरांचा उतरलेला चेहरा कृष्णातला बघवेना, आणि त्याला नको ती अक्कल सुचली. लेकीच्या, नागूच्या साखरपुड्यासाठी त्यानं स्वतः शालू विणला होता. उरलेली जर नातवाच्या कुंचीला राखायची, ही त्यांच्या घरची रीत. त्या जरीची कांडी त्यानं गुपचूप खिशात घातली, आणि थुंकी लावलेल्या अंगठ्यानं रेशमावरची चांदी उलगडून सरांना तार काढून दिली.

पहिली तार मंगळवारी अकरा वाजता उडाली. संध्याकाळी घरी येतो तर बायको, रुक्माबाई, शालू उजेडात धरून बसलेली.

"किनारीतली एक जर गेलीया. उसवली न्हाय, जळली न्हाय. आतलं रेशीम हाय तसं हाय."

"उंदीर असंल."

"उंदीर चांदी खाऊन रेशीम ठेवतोय व्हय?"

कृष्णात काही भुताखेताला मानणारा नव्हे. पण गुरुवारी दुसरी तार उडाली, शनिवारी तिसरी, आणि दोन्ही दिवशी अकराच्या ठोक्याला, रुक्माबाईच्या डोळ्यांदेखत, किनारीतली एकेक रेघ गेली. तेव्हा मात्र तो दिवस मोजू लागला. सोमवारी साखरपुड्याला तो शालू नागूच्या अंगावर असणार होता, आणि सोमवारीच चार वाजता, दिल्लीच्या पाहुण्यांपुढं, सर एकदम चोवीस तारा उडवणार होते.

रविवारी तो सरांच्या दारात गेला.

"सर, माझ्या तारा काढा. दुसऱ्या कसल्या बी लावा."

"अरे, आतली हवा काढायला पंप कालच सुरू केलाय. आता उघडलं तर सगळी मेहनत पाण्यात. का रे, काय झालं?"

सांगणार काय, कपाळ? तो तसाच माघारी आला.

सोमवारी पावणेचारला, पाहुणे बाहेरच्या खोलीत बसलेले असताना, त्यानं नागूला आत बोलावलं. सकाळपासून शालू नेसून ती नटून बसली होती.

"शालू सोड."

"आप्पा, सासूबाई काय म्हणतील?"

"म्हणू देत. सोड म्हणतो न्हवं."

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं आईचं इरकल नेसलं आणि बाहेर गेली. कृष्णातनं शालू रिकाम्या मागावर पसरला आणि समोर बसून राहिला.

चार वाजले.

आवाज झाला नाही, धूर नाही, वास नाही. पदराची, किनारीची सगळी चांदी गेली. नुसतं पिवळं रेशीम उरलं.

कृष्णात तोंडावर उपरणं धरून रडला. शालू गेला तर गेला, पोर वाचली.

बाहेर ओटी भरून झाली होती. नागू भिंतीला टेकून बसली होती. पाहुण्यांच्या पाया पडायला उठवावं म्हणून रुक्माबाईनं तिचा दंड धरला, आणि हात तसाच थांबला.

"अवो," ती हळूच म्हणाली, "जरा हिकडं या."

सकाळपासून शालूची किनार दंडावर जिथं पडली होती, तिथं कृष्णातनं बोटं ठेवली. कातडी तशीच होती, सावळी, हळदीचा डाग लागलेली.

"नागू, दुखतंय का गं?"

"कुठं, आप्पा?"

त्यानं बोटं आणखी थोडी दाबली. कातडीखाली ना मांस लागलं, ना हाड. बोटांना गार भिंत लागली.