पिवळ्या खोलीतलं पाकीट

हुंग मालकांनी गुप्तहेर येनबाईंना बोलावलं, तेव्हा त्यांची कंपनी विकली जायला जेमतेम एक दुपार उरली होती.

दुसऱ्यांनी मोडीत काढलेलं एक यंत्र घेऊन तैवानमधल्या शिनचू गावात तिघांनी सुरू केलेली ही चिपची कंपनी आता दोन हजार घरं पोसत होती. पहिल्यांदाच स्वतः बांधलेल्या यंत्रावर मोठी ऑर्डर मिळाली आणि ऐन वेळी सिलिकॉनच्या चकत्यांवर नक्षीच उमटली नाही. यंत्रच बिघडलं म्हणताना ऑर्डर जाणार हे ठरलेलं. विकत घ्यायला टपलेल्या थोरल्या कंपनीचा माणूस पाहुण्यांच्या खोलीत चहा पीत बसलाच होता.

खापर फुटलं होतं यंत्र बांधणाऱ्या श्याव यीचेनवर.

येनबाईंचे जोडीदार, तू आडनावाचे निवृत्त हवालदार, यंत्राच्या खोलीच्या काचेला नाक लावून उभे राहिले. आत सगळा पिवळा उजेड. पांढरा उजेड लागला की चकत्यांवरचा नक्षी धरणारा लेप वाया जातो, म्हणून तिथे दुसरा दिवाच नव्हता. बिघाड झाल्यापासून खोलीला कुलूप होतं.

"यंत्रावर ते काळं पाकीट कसलं हो?" तूंनी विचारलं.

"तिथे खाऊचं हिरवं पाकीट असतं," मालक म्हणाले. "हिरवं असलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं. बदलायचं काम श्यावचं. हे काळं कुठून आणलं कोण जाणे."

येनबाई हसल्या नाहीत. यंत्राला खाऊ न ठेवणारा इंजिनियर या गावात शोधून सापडला नसता.

श्याव रडून थकली होती. आपण हिरवंच ठेवलं होतं, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. मग आला पेंग, तिच्या बरोबरीचा इंजिनियर. बिघाडाच्या दिवशी आपण खोलीत पाऊलही टाकलं नाही, असं त्याने आधीच सांगून टाकलं.

"जेवायला जाताना काचेतून सहज नजर गेली," तो म्हणाला. "यंत्रावर निळं पाकीट. तेव्हाच म्हटलं, झालं आता वाटोळं."

"पोरगी हलगर्जीच दिसते," बाहेर आल्यावर तू पुटपुटले.

"तूसाहेब, कुलूप काढून ते पाकीट घेऊन या. आणि श्याव, पेंग, मालक, तिघांनाही इथेच बोलवा."

तू पाकीट घेऊन बाहेरच्या उजेडात आले आणि थबकले. त्यांच्या हातात चक्क निळं पाकीट होतं.

"पिवळ्या उजेडात निळा रंग काळाच दिसतो," येनबाई म्हणाल्या. "तूसाहेबांना काळं दिसलं, मालकांना काळं दिसलं. तुम्हाला निळं कसं दिसलं, पेंग? एक तर ते तुम्हीच नेऊन ठेवलंत. नाहीतर तेव्हा आत पांढरा उजेड होता. पण तसा उजेड पडला तर लेप जातो, आणि तो पाहून आरडाओरडा न करणारा इंजिनियर एकच. ज्याने तो उजेड पाडला तो."

"टॉर्च नेला होता," पेंग शेवटी म्हणाला. "थोरल्या कंपनीत मोठी जागा देणार होते. पण वर हिरवं पाकीट असताना हातच धजेना. म्हणून आधी ते बदललं."

"मग हिरव्याचं काय केलंत?"

"कपाटात आहे. फेकवलं नाही."

तूंना हसू आवरेना. श्याव मात्र ताडकन पुढे आली. "मालक, म्हणजे यंत्र ठणठणीत आहे. लेप धुऊन पुन्हा चढवू. चकत्यांना काही झालेलं नाही."

मालकांनी तिच्याकडे किल्ली फेकली.

संध्याकाळी पहिली चकती भिंगाखाली आली. नक्षी काठापर्यंत स्वच्छ उमटली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कोणी श्यावला उचलून घेतलं. हुंग मालकांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. तसेच ते पाहुण्यांच्या खोलीत गेले.

थोरल्या कंपनीच्या माणसाने पेन पुढे केलं.

"ते खिशात ठेवा," मालक म्हणाले. "आणि तुमच्या साहेबांना सांगा, आमचं हे यंत्र विकत हवं असेल तर रांगेत उभे राहा. किंमत श्यावबाई सांगतील."