पहिल्या वर्षाची घागर

मी गोष्टी रचणाऱ्यांतली नाही. वाढदिवसाचा मेसेजसुद्धा मी दुसऱ्याचाच पुढे ढकलते. त्यामुळे हे खरं आहे का, असं कमेंटमध्ये विचारू नका. माझ्या नवऱ्यालाही पटत नाही, आणि तो तर त्या दिवशी घराबाहेरच्या निंबाखाली बसला होता.

ही रात्रीची गोष्ट नाही.

आमच्या खानदेशात वैशाखातली दुपार रात्रीपेक्षा सुनसान असते. दारं बंद, खिडक्या बंद. रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. हे घडलं ते अशाच भर दुपारी... दोन वर्षांपूर्वीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धरणगावच्या पुढच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, सासर आहे माझं.

आखाजीला खरं तर लेकी माहेरी जातात. माझं माहेर चाळीसगावचं. आईने झोका बांधून ठेवला होता. पण त्या हिवाळ्यात माझ्या सासूबाईंच्या मोठ्या जाऊबाई, वच्छलाबाई, गेल्या होत्या. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची नवी घागर भरून ठेवतात. उन्हाळ्यात त्यांना गार पाणी मिळावं म्हणून. त्यात पहिल्या वर्षाची घागर महत्त्वाची, तेव्हा सुना घरात हव्यात. म्हणून मी आणि कुंदन तीन महिन्यांच्या भूमिकाला घेऊन धुळ्याहून गावी आलो. एवढ्या उन्हात लेकराला कशाला, असं मी म्हटलं होतं. माझं कोण ऐकतंय.

वच्छलाबाईंना सगळे मोठी माय म्हणायचे. माझी त्यांची ओळख लग्नानंतरच्या चार भेटींची. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. त्या दुपारी कधी आडव्या होत नसत. सगळं घर घोरत असायचं आणि त्या कोणाच्या तरी लेकरापाशी हातपंखा घेऊन बसलेल्या. मी एकदा गमतीने विचारलं, मोठी माय, पगार किती देतात?

त्या हसल्या नाहीत. पंखा हलवत राहिल्या.

घराचंही सांगते. आधी तिथे धाब्याचं घर होतं, मातीच्या छताचं, उन्हाळ्यात गार. कुंदनने हौसेने ते पाडून स्लॅबचं बांधलं. स्लॅब म्हणजे नुसता तवा. तव्याखालचा गॅस तरी बंद करता येतो.

त्या दिवशी पूजा झाली. आमरस-पुरणपोळीची जेवणं झाली. आखाजीला पत्त्यांना सूट असते, म्हणून कुंदन आणि माझे सासरे, तोताराम आबा, समोरच्या निंबाखाली पत्ते कुटायला बसले. सासूबाईंना मी अक्का म्हणते. त्या गल्लीच्या टोकाला झोक्यापाशी बायका गाणी म्हणत होत्या तिकडे गेल्या. मधल्या खोलीत मी आणि झोळीत भूमिका.

आणि लाइट गेली.

कूलर दोनदा फिरला आणि थांबला. बाहेरून कोणीतरी ओरडलं की डीपी जळाली, आता संध्याकाळच. घर एकदम शांत झालं. थोड्याच वेळात भूमिका रडायला लागली.

आधी जोरात रडली. मग किरकिर. मग ती किरकिरही बारीक झाली. अंगाला हात लावला तर भाजत होतं. दूध तोंडात घेईना. धुळ्याच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, वरचं पाणी द्यायचं नाही, पुन्हापुन्हा अंगावर पाजायचं, कपडे पातळ घालायचे, ओल्या फडक्याने अंग पुसायचं. सगळं पाठ होतं मला. पण ओलं फडकं करायला पाणी हवं ना? नळ येऊन बरेच दिवस झाले होते. ड्रममधलं पाणी चहा टाकावा इतकं तापलेलं. माठ आणि फ्रिजमधल्या बाटल्या जेवायला आलेल्यांनी रिकाम्या केलेल्या. शेजारी हाका मारल्या. सगळ्यांची दारं बंद.

गार पाणी घरात एकाच ठिकाणी होतं.

देवघराच्या कोपऱ्यात, गव्हाच्या राशीवर... मोठ्या मायची घागर.

त्या पाण्याला हात लावायचा नसतो हे मला माहीत होतं. पण लेकरू हातात असं ढिलं पडल्यावर काय पितर आणि काय देव. मी घागरीवरचं खरबूज बाजूला ठेवलं, एक तांब्या पाणी घेतलं, आणि हात जोडून म्हणाले, तुमचीच नात आहे, रागावू नका.

पाणी बर्फासारखं होतं.

जुन्या धोतराचं फडकं भिजवून तिचं अंग पुसलं. ते पिळून झोळीवर टाकलं. ती शांत झाली, दूध प्यायली, झोपली. मी झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवून खाली आडवी झाले. आदली अख्खी रात्र जागून काढलेली. त्या झळांत फडकं लगेच वाळणार, पुन्हा भिजवायला उठायचंय, एवढं डोक्यात होतं. पण डोळे मिटायला लागले.

तेवढ्यात आवाज आला...

कापड पिळल्याचा. मग पाणी ठिबकल्याचा.

दोन खोल्यांमधल्या दाराला जुन्या साडीचा पडदा होता. त्याच्यामागे कोणीतरी उभं होतं. म्हटलं, अक्का आल्या. बरं झालं. मी मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "पोरीकडे ध्यान द्या हो."

पडद्यामागून उत्तर आलं.

"मी शे ना."

एवढंच. मी आहे ना. इतका धीर वाटला मला... गाढ झोपले.

झोपता झोपता एक गोष्ट जाणवली होती, ती आता आठवते. कापड पिळताना बांगड्या वाजत नव्हत्या. अक्कांच्या दोन्ही हातांत डझनभर आहेत.

जाग आली तेव्हा ऊन मागच्या दारातून आत आलं होतं. दोरी माझ्या पायातून सुटून पडली होती.

झोळी हलत होती.

झोळीवरच्या फडक्यातून पाणी गळत होतं. आणि दाराचा पडदा, जो मी भिजवलाच नव्हता, तो वरपासून खालपर्यंत चिंब.

मी अक्कांना हाक मारली. त्या आल्या, पण समोरच्या दारातून. उन्हाने तोंड लाल झालेलं, डोक्यावर पदर. मी म्हटलं, किती पाणी ओतलंत. त्या म्हणाल्या, कसलं पाणी? जेवणं झाल्यापासून त्या झोक्यापाशीच होत्या.

मी झोळीत हात घातला...

भूमिका गार होती. उन्हातून येऊन फरशीला पाय टेकल्यावर लागतं ते गार नाही. वेगळंच. ओठ निळसर. डोळे उघडे. रडत नव्हती.

कुंदनने पत्ते टाकले आणि चुलतभावाची गाडी काढली. गाडीत एसी नव्हता. काचा उघड्या, बाहेरून भट्टीसारखा वारा. आम्ही सगळे घामाने निथळत होतो. मी तिला कोरड्या टॉवेलात गुंडाळलं होतं. धरणगाव येईपर्यंत तो टॉवेल ओला झाला.

कुंदन म्हणाला, शू केली असेल. मी वास घेतला. नव्या घागरीचा वास होता.

डॉक्टर माझ्यावर खेकसले. सकाळपासून तापलेली लेकरं बघत होते बिचारे, आणि ही एक गारठलेली. गार पाण्यात बुडवलं का, म्हणाले. लेकराला ओल्यात गुंडाळून ठेवायचं नसतं, अंग पुसायचं आणि कोरडं करायचं. त्यांनी तिला कोरडं करून माझ्या उघड्या छातीशी धरायला लावलं. हळूहळू ओठ गुलाबी झाले. मग ती रडली. तिचं रडणं ऐकून मीही रडले.

संध्याकाळी घरी आलो तर अक्का देवघरात बसलेल्या. घागर त्यांच्यासमोर.

मी एक तांब्या पाणी घेतलं होतं. घागर तळापर्यंत रिकामी होती.

तडा नव्हता. खालचे गहू कोरडे होते. अक्कांनी विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं, पडद्यामागच्या त्या तीन शब्दांसकट.

मग म्हणाल्या, "पानी तिनं लिधं... नि पोर बी तिलेच सोपी दिनी तू." पाणी तिचं घेतलं, आणि पोरही तिलाच सोपवली मी.

मग मोठ्या मायचं त्यांनी सांगितलं. घरात हे कोणी कधी बोलत नसे. त्यांना एक मुलगी झाली होती, भूमिकाएवढीच होती. अशाच उन्हात मोठी माय शेतात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटत होत्या. मुलगी बाभळीच्या सावलीत झोळीत. थकून त्या खोडाला टेकल्या आणि डोळा लागला. तेवढ्यात सावली सरकली. झोळी उन्हात आली. त्या उठल्या तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर आयुष्यात त्या दुपारी झोपल्या नाहीत.

मला भीती वाटली नाही तेव्हा. वाईटच वाटलं.

भीती दुसऱ्या दिवशी वाटली. लाइट होती, कूलर चालू होता. घरात कोणी पाण्याचा थेंब तिला लावला नव्हता. मी तिच्याशेजारी टक्क जागी बसले होते. ऊन चढलं... आणि माझ्या डोळ्यांदेखत तिच्या कपाळावरचे केस ओले झाले. मग झबलं. मी पुसत होते, ते ओलं होत होतं. पाणी कुठून येतंय ते दिसत नव्हतं. कोणावर ओरडायचं तेही कळत नव्हतं.

लेकरू पुन्हा गार पडायला लागलं. अक्का उठल्या. त्यांनी घागर नव्याने भरली, उदबत्ती लावली, आणि पदर पसरून म्हणाल्या, "बाई, पोर आते आम्हले दी टाका. आम्ही शेतस." पोर आता आम्हाला द्या, आम्ही आहोत.

पाणी थांबलं.

केस वाळले. मी अक्कांच्या पायाच पडले.

थोडा वेळ बरा गेला. मग तिचं अंग तापायला लागलं. कूलरसमोर, सावलीत. फडक्याने पुसलं तर फडकं गरम होऊन निघे. दूध घेईना. जीभ कोरडी. मान टाकली तिने. कुंदन गाडीची किल्ली घेऊन धावला. गाडी उन्हात उभी होती, आत हात लावता येत नव्हता. धरणगाव तिथून जवळ नाही.

मी तिच्याकडे बघितलं. तेवढा वेळ नव्हता आमच्याकडे.

अक्कांनी माझा हात धरला, मी काय करणार ते त्यांना कळलं होतं. मी हात सोडवून घेतला आणि घागरीपुढे बसले.

"मोठी माय, या. तुम्हीच बघा तिच्याकडे."

कुठे वारा नव्हता... दाराचा पडदा हलला.

गाडी गावाबाहेर पडायच्या आत भूमिका माझ्या मांडीवर दूध प्यायला लागली. तिच्या कपाळावर पाणी होतं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, काहीच नाही हिला. काल गार म्हणून आणली, आज गरम म्हणून आणली, तुम्हीच जरा झोप काढा.

कुंदन म्हणतो, घाम होता तो, आणि ऊन माझ्या डोक्यात गेलं होतं. म्हणू दे. आम्ही धुळ्याला परत आलो आणि त्याने न सांगता बेडरूममध्ये एसी बसवला. पटत नाही म्हणे.

आता भूमिका दोन वर्षांची आहे. पावसाळा-हिवाळ्यात काही नसतं. चैत्र सरला की दुपारी तिचे केस ओले व्हायला लागतात. लू तिला कधी लागली नाही. पोरं उन्हाने काळवंडतात, ही टवटवीत. लोक विचारतात, काय देता हो हिला उन्हाळ्यात?

पण मोठ्या मायला थांबायचं कळत नाही. पुरे झालं, हे त्यांना कोणी सांगायचं? गेल्या वर्षी एका दुपारी मी फक्त फोनवर बोलायला गॅलरीत गेले. परत आले तर तिचे ओठ निळे होते. म्हणून मी उन्हाळाभर दुपारी तिच्याजवळ बसते, छातीवर हात ठेवून. गार पडायला लागली की कोरडी करते, कुशीत घेते. ऊब आली की बाजूला होते. मग पुन्हा केस ओले होतात. आम्ही दोघी मिळून सांभाळतो तिला, असं म्हणायला हवं.

अक्का म्हणतात, एकदा घागर भरू नको, त्या जातील. जातीलही. पण त्या गेल्यावर त्या दिवशी काय झालं होतं ते मी पाहिलंय. अक्कांनीही पाहिलंय. म्हणून त्या फार आग्रह करत नाहीत.

परवा आखाजी झाली. मी इथे धुळ्याच्या फ्लॅटमध्ये घागर भरली.

हे लिहितेय तेव्हा दुपारच आहे. कुंदन कामावर गेलाय. एसी चालू आहे. भूमिका शेजारी झोपलीय. मला आता दुपारी झोप येत नाही, कितीही थकले तरी.

मघाशी उशीला हात लावला. ओली होती.

उठून घागरीत बघितलं. सकाळी काठोकाठ भरलेली... अर्धी झाली होती.

मी ती पुन्हा भरून ठेवली आणि तिच्या छातीवर हात ठेवून बसले.