पुलियाच्या अलीकडचा ड्रम

दुर्गेश्वरी बोपचेचा विक्रम खोटा ठरला तर चेतना तुरकरला काय मिळणार होतं, हे देवकाबाई पटले यांनी ती खुर्चीत टेकायच्या आतच जोडून काढलं. अकरा वर्षं बोर्डावर असलेलं नाव परत. तिच्या धावण्याच्या अकॅडमीच्या फ्लेक्सवरचं 'विक्रमवीर' परत. नव्या पोरींना घेऊन येणाऱ्या आया परत. एकूण बरंच.

देवकाबाईंनी तीस वर्षं सोसायट्यांची दप्तरं तपासली होती. निवृत्तीनंतर गोंदियात बाजार रोडवर त्यांनी खासगी चौकशीचं ऑफिस थाटलं. व्हॅन, चालक आणि मदतनीस हे सगळं एकाच माणसात होतं: चुन्नीलाल मास्तर, निवृत्त पीटी शिक्षक.

"मॅडम, मी धाननगरी मॅरेथॉन तीनदा जिंकले," चेतना म्हणाली. "२०१४ चा विक्रम माझा. तीन तास, सहा मिनिटं, चाळीस सेकंद. परवा ही पोरगी ३:०५:१० मध्ये आली. अन् माझ्या तीन पोरींच्या घड्याळात अंतर अर्धा किलोमीटर कमी!"

"तिघींच्या? मग तिनं एकटीनं रस्ता चोरला नाही. रस्ताच आखूड होता."

"तेच तर! कोणीतरी परत फिरायच्या वळणाचा ड्रम सरकवला. अन् वळण कुठं आहे? हिरडाटोल्यात. तिच्या गावात!"

"बात में दम है," मास्तर म्हणाले.

"तुम्ही थांबा, मास्तर. चेतनाबाई, तुमच्या विक्रमाचा फोटो असेल ना?"

चेतनाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. पर्समधून तिनं लॅमिनेट केलेला फोटो काढला. निळ्या ड्रमला वळसा घालणारी तरुण चेतना, ड्रमला लागून नाल्यावरच्या पुलियाचा चुना फासलेला कठडा, पलीकडे रस्ताभर पिवळं काहीतरी.

"छान आलात," देवकाबाई म्हणाल्या. "दोन दिवस ठेवू?"

"ठेवा ना. माझ्याकडे वीस आहेत."

आयोजन समितीचे सचिव धनेंद्र बिसेन बोर्डाखालीच बसले होते. बोर्डावर विजेत्यांची नावं, वेळा आणि स्पर्धेचे महिने. देवकाबाईंनी तो वरून खाली वाचला, मग खालून वर.

"सगळ्या बाया ३:०८ च्या पुढं. सगळ्यांत बरी योगेश्वरी, २०१९, ३:०८:३१. फक्त दोघी तीन तास सहाच्या आसपास."

"त्या दोघी विक्रमवाल्या. म्हणून तर विक्रम," धनेंद्र म्हणाले.

"अन् स्पर्धा नेहमी जानेवारीत?"

"नेहमी. २०१४ ला अन् यंदा मैदान मिळालं नाही, म्हणून नोव्हेंबरात घेतली."

"ड्रम कोणी ठेवला?"

"मी स्वतः, आदल्या संध्याकाळी. पुलियाच्या पलीकडे अडीचशे मीटरवर पांढरी रेषा आहे, पहिल्या वर्षापासून तीच. तिच्यावर ठेवून पाणी भरलं. दोनशे लिटर. हलवून दाखवा! दुसऱ्या दिवशी पाहतो तर अंतर कमी झाल्याची बोंब." धनेंद्रांनी आवाज खाली केला. "पोरीच्या घरच्या कोणी मुद्दाम केलं असेल तर तिच्यावर बंदी. समितीचं ठरलं आहे."

वळणावर उभा राहिलेला स्वयंसेवक टेकचंद चहाच्या टपरीवर भेटला. विचारण्याआधीच तो तापला.

"सगळे मलाच विचारून राहिले! मी सकाळी साडेसहाला पोचलो. ड्रम पुलियाच्या अलीकडे उभा होता. मी त्याच्याजवळ उभा राहिलो, पाण्याचे पाउच वाटले. मला कोणी रेषा दाखवली होती का?"

"ड्रम जड असेल."

"कायचा जड! रिकामा होता. वारा आला की पडे. दोनदा उभा केला, मग आत दगड टाकला."

व्हॅनमध्ये बसताच मास्तरांनी निकाल दिला. "पोरीच्या भावकीनं रात्री पाणी ओतलं, ड्रम सरकवला. संपलं."

"अन् परत भरला नाही? पुलियाखाली नाला वाहतो, मास्तर. चोर इतका आळशी?"

"मग चेतनानं केलं. पोरीचा विक्रम रद्द व्हावा म्हणून."

"पोरगी विक्रम करणार हे चेतनाला आदल्या रात्री कोणी सांगितलं?"

मास्तरांनी गिअर टाकला आणि गाडी कोहमारा रोडला घातली.

हिरडाटोल्याची पुलिया ओलांडताच एक बाई हात आडवे करून समोर आली.

"ओ भाऊ! गाडी तिथंच थांबवा. धानावर चाक नोको!"

पुढे रस्ताभर धान वाळत होतं. त्यातून अनवाणी पाय फरफटवत बाया ते उलटंपालटं करत होत्या.

"सरकारी रस्ता आहे, बाई," मास्तर म्हणाले.

"रस्ता सरकारचा, धान आमचं. बूट काढा अन् कडेनं जा. लक्ष्मीवर बूट घालता का?"

मास्तर बूट हातात घेऊन कडेनं चालले. देवकाबाई मागून, ओठ हलवत. त्या पावलं मोजत होत्या.

ती बाई शामकला, दुर्गेश्वरीची आई. घर तिथंच होतं. दुर्गेश्वरी ओसरीवर एक फॉर्म पुढ्यात घेऊन बसली होती. पंचवीस वर्षांची, पायाची दोन नखं काळी.

"क्रीडा कोट्यातली नोकरी आहे, मावशी. ३:०८ च्या आतली वेळ पाहिजे. महिनाअखेर शेवटची तारीख, अन् फेब्रुवारीत माझं वय संपते." तिनं फॉर्म सरळ केला. "चेतनाताईला मी इथंच वळताना पाहिलं होतं, चौदाची होतो तेव्हा. दुसऱ्या दिवशीपासून धावू लागलो. अन् आता ताईच म्हणते मी चोर. आम्ही काही केलं नाही हे निघालं, तर वेळ राहील ना माही?"

देवकाबाईंनी पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शामकलाच्या अंगणात चौघांना बसवलं: चेतना, धनेंद्र, टेकचंद आणि दुर्गेश्वरी. शामकला सुपात तांदूळ घेऊन उंबऱ्यावर. मास्तर बूट काढूनच आले होते.

"चोरी शोधायला आले होते," देवकाबाईंनी सुरुवात केली. "चोरीच नाही. ड्रम रिकामा मिळाला. चोरानं तो सरकवून परत भरला असता, म्हणजे कोणाला शंका आली नसती. इथं ज्यानं सरकवला त्याला लपवायचं काहीच नव्हतं."

"असं कसं?" चेतना म्हणाली.

"दुसरं. चोर असता तर त्यानं वीसतीस मीटर सरकवला असता. घड्याळातही कळलं नसतं. अडीचशे कोण सरकवेल? काल मी धान मोजलं. पुलिया संपते तिथून सुरू होतं अन् रेषेच्या पुढं जाऊन थांबतं. ड्रम रेषेवर राहिला असता तर पाचशे लोक बूट घालून धानावरून गेले असते. मास्तरांना विचारा, इथं दोन बूट चालत नाहीत."

टेकचंदनं मान हलवली. "रेषा दिसलीच नाही मले. सगळं धानच धान."

"म्हणजे गावानं पाप केलं?" धनेंद्र म्हणाले.

"थांबा. बोर्डावर दोन वेळा एकदम वेगळ्या. २०१४ अन् यंदा. दोन्ही नोव्हेंबर. जानेवारीत रस्त्यावर धान नसते, रेषा मोकळी असते, ड्रम जागेवर राहतो." देवकाबाईंनी लॅमिनेट केलेला फोटो सगळ्यांच्या मधोमध ठेवला. "चेतनाबाई, रेषेजवळ कठडा आहे का?"

चेतना फोटोकडे बघत राहिली. ती वीस वर्षं धावत होती. तो कठडा कुठं येतो ते तिला झोपेतही सांगता आलं असतं.

"अन् मागचं पिवळं," देवकाबाई हलकेच म्हणाल्या, "धान आहे."

उंबऱ्यावरून आवाज आला.

"मीनंच सरकवला."

शामकलानं सूप खाली ठेवलं. "त्या बारी बी मीनं, या बारी बी मीनं. पहाटे उठलो त ड्रम धानात उभा. पाणी ओतलं, लोळवत आणला पुलियापर्यंत. वळाचंच त हाय लोकायले! तिथं वळले काय, इथं वळले काय. कायले एवढं?"

"आई," दुर्गेश्वरी म्हणाली.

"धानासाठी सरकवला, फायद्यासाठी नाही. मग बंदी नाही," धनेंद्र म्हणाले. "तेवढं लिहून देतो. पण अंतर कमी म्हणजे वेळ धरत नाहीत. यंदाचीही, अन् २०१४ चीही."

चेतना उठली. "मी तक्रार मागं घेते. आत्ता. फोटो माझा आहे."

"तक्रार घ्या मागं," धनेंद्र म्हणाले. "समितीच्या मोजणीचा कागद काल राज्य संघटनेला गेला. फोटो पेपरात छापून आला होता, ताई, तुम्हीच दिला होता."

मास्तरांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "जाता-येता पाचशे मीटर म्हणजे सव्वादोन मिनिटं. ३:०५:१० मध्ये टाका. ३:०७:२५." ते जवळजवळ ओरडले, "अरे, पोरगी पूर्ण अंतरातही ३:०८ च्या आत आहे! सगळ्यांत जोरात आहे!"

"आहे," देवकाबाई म्हणाल्या. "पण पळाली नाही ते अंतर फॉर्मात लिहिता येत नाही, मास्तर."

दुर्गेश्वरीनं फॉर्मची घडी घातली, मग ती घडी आणखी एकदा घातली.

शामकला उठून आली. धनेंद्रांसमोर उभी राहिली, कोंडा लागलेल्या हातांनी. "भाऊ, मी ड्रम आता नेऊन ठेवतो ना तिथंच. धान उचलतो सगळं, आत्ताच उचलतो. पोरगी पुन्हा पळते आज. ते घड्याळ लावा तुम्ही. नाही चालत का?"

धनेंद्रांनी टेकचंदकडे पाहिलं, टेकचंदनं जमिनीकडे.

"नाही चालत, काकी," दुर्गेश्वरीच म्हणाली, धनेंद्रांच्या वतीनं. आईला ती काकी कधी म्हणत नव्हती.

परतताना मास्तर म्हणाले, "तुम्ही खोटं सांगितलं असतं तर?"

"तर पोरगी चोर ठरली असती. खरं सांगितलं तर नुसती हरली. मला एवढंच उरलं होतं निवडायला."

आता याची किंमत कोणी किती भरली ते. धनेंद्रांनी काही नाही. पुढच्या वर्षी ते अध्यक्ष झाले. टेकचंदनं काही नाही. चेतनानं फ्लेक्सवरचा 'विक्रमवीर' हा एक शब्द गमावला, वर पांढरी पट्टी चिकटवली, आणि चार पोरी दुसऱ्या अकॅडमीत गेल्या. बोर्डावर आता योगेश्वरी सगळ्यांत वर आहे. लग्नानंतर ती बालाघाटकडे राहते. समितीनं फोन केला तेव्हा तिनं विचारलं, कोणता विक्रम, आणि दूध उतू जातंय म्हणून ठेवून दिला.

शामकला मुलीशी बोलते, पण आधी तिच्या तोंडाकडे बघून घेते.

दुर्गेश्वरी राइस मिलमध्ये पोत्यांना शिलाई मारते. ड्युटी आठची असते. मिल घरापासून तीन किलोमीटर. ती सव्वासातला निघते आणि चालत जाते.