चव्वेचाळीस रोलर

मालकीणबाई आत आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "सोमवारी मला एका माणसाला कामावरून काढायचंय. तो खरंच चोर आहे का, तेवढं त्याआधी सांगा."

"आज शुक्रवार," भाऊजी म्हणाले. वार ते चटकन सांगत. बाकीच्या गोष्टींना जरा वेळ लागे.

वहिनींनी खुर्ची पुढे सरकवली. वहिनी खासगी तपासनीस. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ते वहिनींना मदत करत, म्हणजे मदत होते आहे असं त्यांना वाटे.

मालकीणबाईंची कंपनी लिफ्टची देखभाल करायची. पंचावन्न इमारती, इमारतीला एक लिफ्ट. मेकॅनिक पाच, प्रत्येकाकडे अकरा इमारती. तीन महिन्यांत स्टोअरमधून केबिनच्या दरवाजाचे चव्वेचाळीस रोलर, म्हणजे दरवाजा ज्यांवर सरकतो ती छोटी चाकं, गायब झाली होती.

"दुसरं काही गेलं?" वहिनींनी विचारलं.

"नाही. शेजारीच कंट्रोल कार्डं असतात, चांगली महागडी. त्यांना हातही लागलेला नाही."

"संशय कुणावर?"

"काकांवर. आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक. दरवाजाचं एकही काम त्यांच्या नावावर नाही, तरी रोज स्टोअरपाशी घुटमळतात. विचारलं तर गप्प." मालकीणबाईंचा आवाज उतरला. "बाबा गेले तेव्हा मला लिफ्टमधलं ओ की ठो कळत नव्हतं. यांनी हाताला धरून शिकवलं. मी कुठल्या तोंडानं त्यांना पत्र देऊ?"

"आणि कंपनी कशी चाललीय?"

"तेच तर. उत्तम! माझ्या स्क्रीनवर दर तीन महिन्यांचा आलेख येतो. दरवाजाच्या तक्रारी या तिमाहीत पाचव्या हिश्श्यानं घटल्यात."

वहिनींनी आलेखाची प्रत मागून घेतली. भाऊजींना कळेना, चोरीच्या तपासात चांगल्या बातमीचं काय काम!

कंपनीत पहिली गाठ मॅनेजरशी पडली. टेबल इतकं नीटनेटकं, की त्यावर कोपर टेकायला संकोच वाटावा. त्याने आठवड्याचे तक्ते काढले. कुणी किती तक्रारी मिटवल्या, ते त्यात होतं. सगळ्यात वर 'सुसाट' नावाने ओळखला जाणारा मेकॅनिक, सगळ्यात खाली काका. त्यांच्या नावापुढे दरवाजाची कामं शून्य.

"चौघे मरमर मरतात आणि हे बसून," मॅनेजर म्हणाला. "बाकी चौघांचे आकडे बघा, गेल्या तिमाहीला होते तेवढेच आहेत."

"रोलर मिळतो कसा?"

"तक्रार आली की मेकॅनिकच्या मोबाइलवर नंबर जातो. तो स्टोअरला दाखवायचा. नंबर नाही, तर पार्ट नाही. नियम मीच केलाय. नंबर नसताना पार्ट दिला, तर देणाऱ्याचीही नोकरी जाईल."

"काढलेले जुने रोलर?"

"भंगाराच्या पोत्यात. महिन्याच्या शेवटी माझ्यासमोर मोजतात. नोंदींशी बरोबर जुळतात."

स्टोअर म्हणजे एक लांबट खोली. फळ्यांवर वळणदार अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. स्टोअर सांभाळणाऱ्या ताई काउंटरमागे उभ्या होत्या. वहिनींचं पेन खाली पडलं. म्हणजे त्यांनी ते पाडलं. उचलताना काउंटरखाली फडक्याने झाकलेला रंगाचा डबा दिसला. त्यात काठोकाठ रोलर होते, सगळे एका बाजूने झिजलेले.

"हे पोत्यात नाही टाकले?"

"राहून गेलं," ताई घाईघाईने म्हणाल्या.

"काका कसे आहेत?"

ताईंचा चेहरा एकदम निवळला. "देवमाणूस! आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. सासूबाई व्हीलचेअरवर असतात. मागे दरवाजा अडकून दोन तास लिफ्टमध्ये होत्या. काका काम करता करता फटीतून त्यांच्याशी बोलत राहिले, घाबरू म्हणून दिलं नाही. निघताना म्हणाले, रोलर आधीच बदलला असता तर ही वेळ आली नसती." ताई थबकल्या आणि एकदम चिठ्ठ्या सारख्या करू लागल्या.

बाहेर येताच भाऊजी कुजबुजले, "वहिनी, ताईच चोर! तो डबा बघितलात ना?"

"भाऊजी, नवे सोडून झिजलेले रोलर कुणी चोरतं का?"

"मग सुसाट!"

"चला, त्याचीही लिफ्ट बघू."

सुसाटच्या इमारतीत दरवाजा कुरकुरत अर्धा मिटला, उघडला, पुन्हा मिटला आणि भाऊजींची पिशवी धरून बसला. रहिवासी म्हणाले, आठवड्यातून एकदा तक्रार करावी लागते. मुलगा मात्र लगेच येतो.

काकांच्या इमारतीत दरवाजा कधी मिटला तेही कळलं नाही. काका वरच्याच मजल्यावर होते, कान लावून लिफ्टचा आवाज ऐकत.

"काका, रोलर तुम्हाला कुणी दिले?" वहिनींनी सरळ विचारलं.

काकांनी हात पुसले. "मला काढायचं तर काढा. वय झालंय माझं. दुसऱ्या कुणाचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही."

सोमवारी सकाळी मालकीणबाईंच्या केबिनमध्ये सगळे जमले. पत्र टेबलावर होतं, सही व्हायची होती.

"चोरी झालेलीच नाही," वहिनी म्हणाल्या. "चव्वेचाळीस हा आकडा बघा. केबिनच्या एका दरवाजाला रोलर किती?"

"चार," मालकीणबाई म्हणाल्या आणि दचकल्या. "अकरा दरवाजे!"

"काकांच्या अकरा इमारती. चोर असा हिशेबात चोरी करत नाही, आणि महाग वस्तू सोडून रोलर नेत नाही. शिवाय नोंदीतले जुने रोलर पोत्यात बरोबर जुळतात. मग डबाभर झिजलेले आले कुठून? नवा एक गेला, की जुना एक परत आला. इतका प्रामाणिक चोर मी तरी पाहिला नाही."

"पण त्यांचं काम शून्य!" मॅनेजर म्हणाला.

वहिनींनी काकांचा मोबाइल, मॅनेजरचा तक्ता आणि आलेख शेजारी शेजारी ठेवले. "माहिती एकाच लिफ्टची, पण विचारणारे तीन. मेकॅनिकचा मोबाइल सांगतो, आज कुठे जायचं. तुमचा तक्ता सांगतो, कुणी किती तक्रारी मिटवल्या. बाईंचा आलेख सांगतो, कंपनी कुठे चाललीय. आपापल्या जागी तिन्ही खरे आहेत. तक्रारी पाचव्या हिश्श्याने घटल्या, आणि चौघांच्या तर तेवढ्याच आहेत. मग घटल्या कुणाच्या?"

"पाचव्याच्या!" भाऊजी ओरडले. या खेपेला उत्तर त्यांना वेळेवर सुचलं होतं.

"बिघाड व्हायच्या आधीच काका रोलर बदलतात. तक्रार नाही म्हणून नंबर नाही, नंबर नाही म्हणून नोंद नाही. ज्या कामाने बाईंचा आलेख सुधारला, तेच काम तक्त्यात शून्य दिसलं. आता नंबरावाचून रोलर दिले कुणी—"

"मी दिले," ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "काका मागत होते, मी नियमाने नाही म्हणत होते. सासूबाई अडकल्या त्या दिवसापासून मला नाही म्हणवेना. नोकरी जाईल म्हणून बोलले नाही. मी गप्प, म्हणून तेही गप्प."

मॅनेजरने चष्मा काढला. "काका, मी तुमच्याबद्दल नको ते बोललो. चूक झाली माझी."

मालकीणबाईंनी पत्र बाजूला सारलं. "ही अकराही कामं आत्ता नोंदवा."

मॅनेजर कीबोर्डवर वाकला. "तक्रारदाराचं नाव घातल्याशिवाय पुढे जाता येत नाही, मॅडम."

"माझं घाला."

"आणि तक्रार काय लिहू?"

मालकीणबाई उठल्या. काका आणि ताई शेजारी शेजारी उभे होते. बाईंनी दोघांचे हात आपल्या हातात घेतले.

"लिहा," त्या म्हणाल्या, "आभार मानायचे राहून गेले."