अठरावं प्रकरण

ही गोष्ट मी अजून बायकोलाही सांगितलेली नाही. खोटंच सांगायचं असतं तर निदान मी जरा बरा दिसेन असं काहीतरी रचलं असतं.

आणि भुताला रात्रच लागते असं ज्यांना वाटतं त्यांनी आधीच ऐकून ठेवा. हे भर दुपारी घडलं. दोन वाजून दहा मिनिटांनी. खिडकीतून ऊन आत आलं होतं. टेबलावरच्या धुळीत बोटांचे ठसे दिसत होते, इतकं लख्ख.

मी सरकारी वाचनालयातले संगणक सांभाळतो. वाचकांसाठी सहा, आणि आतल्या खोलीत एक मोठा. सगळं त्याच्याच हार्ड डिस्कवर साठवलेलं. दारावर पाटी आहे : 'हे इंटरनेट लोकांच्या पैशातून चालते. खासगी कामासाठी वापरू नये.'

पाटी मीच लावली. येणाऱ्या प्रत्येकाची तशी सहीही मीच घ्यायचो.

आणि त्याच इंटरनेटवरून सिनेमेही मीच उतरवायचो.

सासुरवाडीसाठी. "या टॉकीजवाले, आज कोणता खेळ?" मेव्हणा दारातच विचारायचा. मोठी खुर्ची मला मिळायची. आमच्या घराण्यात जावई म्हणून एवढा भाव आधी कुणी खाल्ला नव्हता.

वाचनालयात एक बाई यायच्या. निवृत्त शिक्षिका. त्यांच्या यजमानांना, काकांना, दिसत नव्हतं. बाई छोट्या खोलीत बसून पुस्तक मोठ्यानं वाचायच्या, मी ते रेकॉर्ड करून डिस्कवर ठेवायचो. मग काका चार नंबरच्या संगणकापाशी हेडफोन लावून ऐकत बसायचे.

"घरीच का नाही वाचून दाखवत?" मी एकदा विचारलं.

"घरी हे मध्ये मध्ये बोलतात," बाई म्हणाल्या. "इथं बिचाऱ्यांना ऐकूनच घ्यावं लागतं." मग हळूच म्हणाल्या, "आणि मी नसेन तेव्हा लागेल ना, बाळा."

एक जाडजूड कादंबरी चालली होती. वीस प्रकरणांची. सतरा झाली.

अठराव्यासाठी बाई आल्या तेव्हा डिस्क भरलेली होती.

"बाई, जागाच नाही हो. नवी डिस्क मागवलीय."

मागवली नव्हती. एक सिनेमा पुसला असता तरी तिन्ही प्रकरणं मावली असती. पण रविवारी मेव्हण्याकडे जायचं होतं.

बाई परत गेल्या. पुढच्या आठवड्यात आल्या, पुन्हा परत गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा जिन्यात दोनदा थांबल्या. वर येऊन दाराला टेकल्या, दम खाल्ला.

"झाली का रे जागा, बाळा?"

"थांबा अजून थोडं."

चौथ्यांदा त्या आल्याच नाहीत. नंतर कळलं... गेल्या.

त्याच सुमारास डिस्कमधून आवाज येऊ लागला.

टक्... टक्... टक्...

मग शांत.

डिस्कचा एखादा कोपरा बिघडला की ती तोच पुन्हा पुन्हा वाचून बघते. अंधारात माणूस भिंत चाचपतो ना, तशी. नाहीच लागलं हाताला, तर तो कोपरा सोडून पुढं सरकते. पडद्यावर इशारा येतो. पहिला इशारा आला की मुख्य कार्यालयाला कळवायचं, तिथला माणूस येऊन सगळं नव्या डिस्कवर उतरवून देतो, असा नियम.

पण त्या माणसाला माझे सिनेमे दिसले असते.

मी इशारेच बंद करून टाकले.

महिन्याभरानं डिस्क मेली. सतराच्या सतरा प्रकरणं घेऊन. मी ती उपसून काढली, माझ्या ड्रॉवरमध्ये टाकली आणि कुलूप लावलं.

नेमके त्याच दुपारी काका आले. एकटेच, काठी टेकत.

"पहिल्यापासून लाव रे. शेवटची तीन राहिली तर राहिली. तिचा आवाज तरी..."

मी सांगायला तोंड उघडलं. पण त्याऐवजी मी जे केलं, ते लिहिताना आजही मान वर होत नाही. काकांना चार नंबरवर बसवलं. त्यांच्या कानांना हेडफोन लावले. "जरा वेळ लागेल हं, काका," म्हणालो, आणि डबा खायला निघून गेलो.

पडद्यावर लिहिलं होतं : डिस्क सापडत नाही.

त्यांना थोडंच दिसणार होतं?

परत आलो तर...

काका हसत होते.

मान किंचित कललेली. गुडघ्यावर बोटं ताल धरल्यासारखी.

"काका?"

त्यांनी हात वर केला. "थांब. अठरावं चाललंय."

मी पडद्याकडे पाहिलं. डिस्क सापडत नाही. आतल्या खोलीत गेलो. मोठा संगणक बंद. त्याच्या पंख्याची नेहमीची घरघरही नव्हती.

फक्त माझ्या ड्रॉवरमधून...

टक्... टक्... टक्...

कुलूप तसंच होतं. आत डिस्कला ना वायर, ना वीज.

दुसऱ्या दिवशी एकोणिसावं झालं. तिसऱ्या दिवशी विसावं. मी काहीच सुरू करत नव्हतो. हेडफोन लावून द्यायचो आणि दारात उभा राहायचो, शिक्षा झालेल्या मुलासारखा.

तिसऱ्या दिवशी काकांनी हेडफोन काढून डोळे पुसले.

"संपलं. आला रे शेवटी नावाडी परत. रिकामी होडी घेऊन."

मी कपाटातून ती कादंबरी काढली. शेवटचं पान उघडलं.

नावाडी परत आला होता. रिकामी होडी घेऊन.

"मोठा लबाड आहेस," काका म्हणाले. "शेवटची तीन प्रकरणंही आहेत, हे बोललासुद्धा नाहीस. तिनं अठराव्याच्या आधीच सांगितलं मला. म्हणाली, पोरानं जागा करून दिली, नाहीतर राहूनच गेलं असतं. त्याचे उपकार विसरू नका."

आणि त्यांनी हात जोडले. मला.

ते काठी टेकत जिना उतरून गेले. त्यानंतर ते हेडफोन मी माझ्या कानांना लावले.

काहीच नाही... नुसती पोकळी.

मग पान उलटल्याचा आवाज...

मग अगदी कानाशी, जिना चढून आल्यासारखा श्वास.

"आणखी जागा हवी का रे, बाळा?"

रागानं नाही हो. मायेनं. रागानं विचारलं असतं तर मी कधीच मोकळा झालो असतो.

सिनेमे बंद केले. मेव्हणा म्हणतो, टॉकीजला टाळं लागलं. मुख्य कार्यालयाला सगळं कबूल करणारं पत्रही लिहून ठेवलंय. तेही त्याच ड्रॉवरमध्ये पडून आहे.

काका अजून येतात. "आज काय लावतोस?" विचारतात. मी रोज ठरवतो, आज सांगून टाकायचं. त्यांच्या खुर्चीपाशी जातो, घसा खाकरतो...

दोन वाजून दहा मिनिटं होतात. ड्रॉवरमधून टक्... टक्... सुरू होतं.

काका हसतात आणि माझ्या दिशेनं हात वर करतात.

"थांब," म्हणतात.