ज्याचा टाका, त्याची पहिली फेरी

"अहो, पाय! पाय!"

ती जागच्या जागी थिजली. हातात चहाचा कप, एक पाय उंबऱ्याबाहेर आणि दुसरा... दुसरा एका केशरी कापडावर. आणि कापड तरी केवढं! शेडच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसतं केशरी-पिवळं तळं पसरलेलं. पार पलीकडे गुडघ्यांवर बसलेला एक तरुण, दातांत दोरा धरून, तिच्या चपलेकडे बघत होता. तिने त्याच्या जेवणाच्या ताटात पाय दिला असता तरी त्याने असंच बघितलं असतं.

"मी... माझ्या आत्याला शोधतेय," ती म्हणाली.

"या फुग्याखाली तरी नाही. मी सकाळपासून इथंच आहे." दातांतला दोरा काढून तो हसला. "चप्पल काढलीत तर आत येऊन खात्री करून घ्या."

खरं म्हणजे 'सॉरी' म्हणून निघून जायचं, एवढंच तिला करायचं होतं. सुट्टीवर आली होती ती. पण तिची नजर त्याच्या मांडीवरच्या कापडाकडे गेली आणि तिथेच अडकली. अकरा वर्षं शिवणाचं दुकान चालवणारी बाई. शाळेचे गणवेश ही तिची खासियत. तिने शिवलेल्या चड्ड्या पोरांच्या घसरगुंडीला पुरून उरायच्या. असल्या बाईला वाकडी शिवण दिसली, की राहवायचं नाही.

तिने कप दाराशी ठेवला, चप्पल काढली आणि सरळ त्याच्यासमोर जाऊन बसली.

"हे कोणी शिवलंय?"

"मी."

"उसवा."

"अं?"

"सगळं उसवा. ही काय शिवण आहे? मुंग्यांची रांगसुद्धा यापेक्षा सरळ जाते."

त्याने हातातल्या शिवणीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं... आणि रागवायचं सोडून कानांपर्यंत लाल झाला. तो शिंपी नव्हता. सुट्टीला आलेल्या लोकांना फुग्यातून आकाशात फिरवून आणायचं, हे त्याचं काम. तिच्या आत्याने पहिल्याच दिवशी लांबून बघून त्याचं नाव 'फुगेवाला' ठेवून टाकलं होतं. मागच्या आठवड्यात उतरताना कुंपणाची तार लागून फुगा हातभर फाटला होता आणि नेहमी शिवणाऱ्या काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. तीन दिवस वारं पिसाळलेलं, म्हणून उड्डाणं तशीही बंदच होती. उद्या मात्र वारं पडणार होतं.

"सरका," ती म्हणाली. "मशीन आहे?"

मशीन होतं. जुनं, पण मजबूत. तिने आधी ठिगळ मापात कापलं, कापड निसरडं म्हणून हाताने लांब पांढऱ्या दोऱ्याचा कच्चा टाका घातला आणि मग मशीनवर बसली. एवढा अवजड फुगा एकटीला सावरेना, म्हणून फुगेवाला समोर बसून कापड पुढे सरकवू लागला.

"ओढू नका हो!"

"मग सोडू?"

"सोडूही नका. नुसतं धरायचं... आणि कापड जाईल तसं सोबत जायचं."

"हे तर आमच्या धंद्यातलंच सांगताय," तो म्हणाला. "वाऱ्याचं असंच असतं. फुगा वळवता येत नाही. वारं नेईल तिकडे जायचं."

"म्हणजे तुम्ही नेमकं करता तरी काय वर?"

"लोक घाबरले, की गप्पा मारतो."

तिला हसू आलं, आणि हसण्याच्या नादात पहिल्यांदाच तिच्या पायाचा ताल चुकला. तिने चटकन मान खाली घातली. त्याची बोटं कापडावरून तिच्या बोटांच्या अगदी जवळ येत, सुईच्या अलीकडे थांबत आणि मागे जात. प्रत्येक वेळी ती मनातल्या मनात ते अंतर मोजत होती. दोन इंच... दीड... पुन्हा दोन. मापाची सवय, दुसरं काय!

शिवण संपायला दुपार झाली. तेवढ्यात त्याची थोरली बहीण आली. जमिनीवरून जीप घेऊन फुग्याचा पाठलाग करायचा आणि उतरेल तिथून सगळ्यांना उचलून आणायचं, हे ताईचं काम. सगळा कारभारही तिच्याच हाती. तिने ठिगळ बाहेरून ताणून पाहिलं, नखाने खरवडून पाहिलं.

"वा! अशी शिवण काकूंनाही जमली नसती. हात आहे की जादू?"

ती सुखावली. हरभऱ्याच्या झाडावर पार शेंड्यापर्यंत चढली म्हणा ना.

"मग उद्या पहाटे साडेपाचला तयार राहा," ताई वही उघडत म्हणाली. "पहिल्या फेरीत तुमचं नाव लिहिते."

"माझं? नाही नाही, फिरायला माझी आत्या जाणार आहे. मी खालून टाटा करणार."

"आमच्याकडे रीत आहे," ताई म्हणाली. "ज्याचा टाका, त्याची पहिली फेरी. बाबांनी घालून दिलेली. शिवणारा स्वतः वर जाणार असला, की हात आपोआप जपून चालतो. शिवणारा नाही चढला, तर फुगाही नाही चढत."

तिने फुगेवाल्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

"आणि पहिल्या फेरीत आम्ही बाहेरचं गिऱ्हाईक घेत नाही," ताई पुढे म्हणाली. "शिवणाऱ्याच्या घरचं माणूस तेवढं चालतं. बाकीच्यांना अकरानंतर."

अकराला तर त्यांची परतीची गाडी होती! म्हणजे ती वर गेली, तरच आत्या जाणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुकानातल्या वरच्या फळीवरचा तागा काढायला स्टुलावर चढायचं म्हटलं, तरी हिला घाम फुटायचा.

आणि आत्या! पस्तीस वर्षं तिकीटखिडकीमागे बसून आत्याने जगाला गावोगाव पाठवलं होतं, स्वतः कुठे गेली नव्हती. गेल्याच महिन्यात ती निवृत्त झाली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मला फुग्यात बसायचंय." बास. संध्याकाळी खोलीत ही गोष्ट कानावर पडली, तेव्हा आत्या एवढंच बोलली, "राहू दे गं. खालूनही छानच दिसत असेल." आणि बॅग भरायला लागली. त्यापेक्षा ती भांडली असती तर बरं झालं असतं!

आत्याला खोलीत सोडून ती बाहेर येऊन पायरीवर बसली. ऊन उतरत होतं. समोरून फुगेवाला येत होता, हातात तिचा सकाळचा कप घेऊन. धुऊन, पुसून.

"विसरला होतात."

"थँक्यू."

तो एक पायरी सोडून खाली बसला. "हे बघा... नको असेल तर नाही म्हणा. मी ताईला सांगतो, टाका माझाच आहे म्हणून."

"तो टाका बघून? शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही."

"हो, तेही आहेच." तो तिच्याकडे वळला. "शिवण उसवेल अशी भीती वाटते का?"

"माझी शिवण? उसवेल?" ती एवढी ताडकन वळली, की कप पडता पडता राहिला. "हत्ती लटकवा हवं तर!"

"मग भीती कशाची?"

"उंचीची..."

"हात्तिच्या! शिवण तुम्ही बघितलीत ना? मग उंचीचं मी बघतो."

असं सहज म्हणाला तो, जसं काही 'दळण मी आणतो' म्हणावं. आणि गंमत म्हणजे, तिला ते पटलं.

पहाटे साडेपाचला मैदानावर आत्या तिच्या आधी हजर. वहीत वजन लिहायचं होतं. आत्याने लिहिलं ते बहुधा तिच्या लग्नाच्या वेळचं असावं. ताईने निमूटपणे पंधरा किलो वाढवून घेतले.

पंखा सुरू झाला आणि गवतावर पडलेल्या कापडाने श्वास घेतला. फुगलं, डुललं, कूस बदलली. मग फुगेवाल्याने बर्नर पेटवला. भस्सकन ज्वाळा उठली आणि तो एवढाला केशरी देह दवातून उठून उभा राहिला. आत्या लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत होती.

टोपलीला पायऱ्या नव्हत्या, पाय अडकवायला नुसती भोकं. तिने जीव मुठीत धरला, डोळे गच्च मिटले आणि चढली. दोर सुटले. काहीच झालं नाही... ना धक्का, ना हिसका.

"निघायला किती वेळ आहे?" तिने मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"आपण झाडांच्या वर आलोय," तो म्हणाला. "घाबरू नकोस. बघ."

नकोस. बघ. 'तुम्ही'चं 'तू' झालेलं दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. तिने डोळे उघडले ते त्याच्याकडे बघायला, आणि त्याच्या खांद्यावरून तिला सगळं दिसलं. खाली धुकं पातळ होत चाललेलं, त्यातून कौलं, रस्ते, नदीचं एक लांबलचक वळण. त्यांच्या फुग्याची सावली शेतावरून सरकत होती. एवढ्या उंचावर वारं सोसाट्याचं असेल असं तिला वाटलं होतं, पण तिची बट कपाळावरून हलतसुद्धा नव्हती.

"वाराच नाही?"

"आहे की. आपण त्याच्यासोबत चाललोय, म्हणून लागत नाही."

काल तिनेच शिकवलेलं, आज तो तिला परत करत होता. तिच्या छातीत काहीतरी जोरात उडी मारत होतं, आणि ती भीती नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला ओरडावंसं वाटत होतं, हसावंसं वाटत होतं. आयुष्यभर आपण स्टुलाला घाबरलो? स्टुलाला?

"अगं, ती बघ गाडी! स्टँडवर उभी आहे, काडेपेटीएवढी!" आत्या टोपलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात अर्धी बाहेर झुकली होती. या बाजूला काय चाललंय, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं... निदान तसं ती दाखवत तरी होती.

तिने मान वर केली. उगवतीचं ऊन कापडातून आत झिरपत होतं आणि तिचं ठिगळ खालून तिसऱ्या पट्ट्यात झळकत होतं. सरळ, सुबक, एकही टाका इकडचा तिकडे नाही. आणि त्याच्या कडेने —

"अगं बाई!"

"काय झालं?"

"दोरा! कच्चा दोरा... काढायचा राहिला!"

ठिगळाच्या आतल्या कडेने तिचा लांब पांढरा दोरा तसाच होता. वीतभर टोक खाली लोंबत होतं. पक्की शिवण झाली, की कच्चा दोरा ओढून काढायचा, हा शिवणकामातला पहिला पाठ. अकरा वर्षांत एकदाही... एकदाही तिच्याकडून राहिला नव्हता.

"त्याने काही धोका नाही," तो घाईने म्हणाला. "शिवण पक्की आहे. मी काल संध्याकाळी आतून सगळी तपासली."

"आतून तपासली? मग दोरा दिसला नाही?"

त्याने बर्नरची दांडी ओढली, सोडली. उगाचच.

"दिसला ना?"

"...दिसला."

"मग काढला का नाही?"

"काढणार होतो. कात्रीही घेतली होती हातात." तो वर, त्या दोऱ्याकडे बघत बोलत होता. "मग वाटलं, हा काढला की तुझं इथलं काम संपलं. राहिला, तर... कधीतरी तो काढायला तुला यावं लागेल." आणि मग एकदम तिच्याकडे वळून, "मला फिरवून बोलता येत नाही, आणि इथं वर वेळही कमी असतो. मला तू आवडतेस. 'उसवा' म्हणालीस ना, तेव्हापासून."

तिने तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर —

"खाली या, खाली या! पुढे तारा आहेत!" वॉकी-टॉकीवर ताईचा आवाज खरखरला. "अलीकडचं रान मोकळं आहे!"

"गुडघे वाकवा! दोर धरा! आत्या, आत या आधी!"

पुढची दोन मिनिटं बोलायला सवड कोणाला? टोपली गवताला टेकली, उडाली, पुन्हा टेकली, थोडी फरपटली आणि आडवी झाली. तिघांचा एकच ढीग झाला, त्यात सगळ्यात वर आत्या, खदखदून हसत. "पुन्हा!" आत्या ओरडली. "पुन्हा एकदा!"

ताईची जीप धुरळा उडवत आली. फुगा हळूहळू निवत गवतावर पसरला. घडी घालायच्या आधी आतून एक नजर टाकायला ताई कापडाच्या तोंडातून वाकून आत गेली आणि लगेच बाहेर आली.

"अहो, कच्चा दोरा राहिलाय की तुमचा!" तिने खिशातून कात्री काढून पुढे धरली. "हे घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. गाडीला अजून वेळ आहे तुमच्या."

फुगेवाला पलीकडे दोर गुंडाळत होता. तो गुंडाळायचा थांबला, पण मान वर केली नाही.

तिने कात्री घेतली. अंगठा आणि बोट घालून पाहिलं... धार चांगली होती. दोन मिनिटंही कशाला, एका मिनिटाचं काम. जन्मात अर्धवट काम टाकून ती कुठून निघाली नव्हती.

तिने कात्री मिटली आणि ताईच्या हातात परत ठेवली.

"आज नको," ती म्हणाली. "पुढच्या सोमवारी येऊन काढते. सोमवारी माझं दुकान बंद असतं."

ताईने तिच्याकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं. भावाच्या हातून अख्खा दोर सुटून गवतावर पडला होता आणि तो वेड्यासारखा हसत उभा होता.

"सोमवारी ना?" आत्या केसांतलं गवत काढत म्हणाली. "सकाळी सहाची गाडी धर. थेट इथपर्यंत येते, मध्ये बदलावी लागत नाही."